नाच, कार्ड आणि दादीची भिशी

२०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला आला आणि रमजान ईद ३१ मार्चला. ओतूरच्या आमच्या गल्लीत पहिल्या दिवशी शेजारच्या घरून श्रीखंडाची वाटी आली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटीतून शीरखुर्मा परत गेला. लेक पुण्याहून ईदसाठी आली होती. ती तिथे कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. ईदनंतरच्या रविवारी दुपारी पाहुण्यांची वर्दळ संपली, कांद्याच्या काढणीमुळे गल्लीतली निम्मी माणसे रानात गेलेली, आणि आमच्या झेरॉक्सच्या दुकानाला सुट्टी. लेकीने आपला मोबाइल टीव्हीला जोडला आणि म्हणाली, "अब्बा, आज सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा. मारामारीचा नाही."

सिनेमा होता 'एबीसीडी'. २०१३ साली आलेला, रेमो डिसूझा यांनी काढलेला. चित्रपटगृहात तो थ्रीडी होता म्हणे, चष्मा लावून बघायचा. आम्ही तो बिनचष्म्याचा, बत्तीस इंची पडद्यावर, मधूनमधून वीज जात असताना पाहिला आणि तरी मनापासून पाहिला. हे कबूल करायला आम्हाला थोडा संकोच वाटतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने पोरासोरांच्या नाचाचा सिनेमा आवडला असे साहित्याच्या अंकात लिहावे का? पण आवडला, हे खरे आहे.

गोष्ट साधी. विष्णू नावाचा नाचाचा उस्ताद (प्रभुदेवा) ज्या नाच-कंपनीत राबला, तिथूनच बाहेर पडतो. मग वस्तीतली पोरे त्याला दिसतात. गणपतीच्या मिरवणुकीत नाचणारी, भिंतींवरून उड्या मारणारी, दोन टोळ्यांत वाटली गेलेली. त्यांना तो एकत्र आणतो, शिकवतो आणि स्पर्धेत उतरवतो. शेवट काय होणार हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळते. पण त्या पोरांची शरीरे! ही शरीरे व्यायामशाळेत कमावलेली नव्हेत. पाणी भरणारी, जिने चढणारी, लोकलच्या दारात लोंबकळणारी शरीरे आहेत असे वाटते, आणि ती एकदम हवेत फिरकी घेतात तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

आमच्या अम्मी, म्हणजे लेकीच्या दादी, सुरुवातीला तसबीह घेऊन पाठ करून बसल्या होत्या. नाच त्यांना पसंत नाही. तरी प्रभुदेवाला त्यांनी ओळखले. १९९४ च्या 'मुकाबला' गाण्याने सगळ्या महाराष्ट्राला वेड लावले होते, तेव्हा आमचा धाकटा भाऊ तसाच पाय सरकवत अंगणात फिरायचा आणि त्यांच्या हातचा मार खायचा. "यो वोईच है ना? हड्डी नहीं है उसकू," असे म्हणत दादी वळल्या त्या वळल्याच. मध्यंतरापर्यंत तसबीह मांडीवर पडली होती.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. कंपनीचा तो कावेबाज मालक, त्याचे नाव काय? आम्ही म्हणालो, जहाँगीर. आणि तो उंच, देखणा नाचणारा पोरगा? तो सलमान युसूफ खान, बेंगळुरूचा, २००९ साली 'डान्स इंडिया डान्स' जिंकलेला. सिनेमात त्याचे नाव? रॉकी. दादी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अच्छा. बुरा वो जहाँगीर. और जो सच्ची का खान है, वो रॉकी." आम्ही सगळे हसलो. लेक म्हणाली, दादी, इतका विचार दिग्दर्शकानेही केला नसेल. नसेलच केला. बहुधा त्यातच गंमत आहे. पण त्यावर इथे अधिक लिहीत नाही, आपल्या वाचकांना ते लिहून दाखवायची गरज नाही.

सिनेमा संपल्यावर लेकीने सांगितले, की याचा दुसरा भाग २०१५ साली आला आणि तो खऱ्या पोरांवर बेतलेला आहे. वसई-नालासोपाऱ्याकडची पोरे, सुरेश मुकुंद त्यांचा म्होरक्या. २०१२ साली लास व्हेगासच्या जागतिक हिपहॉप स्पर्धेत ती पोहोचली, २०१५ साली 'किंग्ज युनायटेड' नावाने त्याच स्पर्धेत सॅन डिएगोला कांस्यपदक घेतले आणि २०१९ साली अमेरिकेतल्या 'वर्ल्ड ऑफ डान्स' या टीव्ही-स्पर्धेत पहिली येऊन दहा लाख डॉलर जिंकली. नालासोपारा आम्ही पाहिलेला आहे. तिथल्या खोल्यांत दोन खाटा मांडल्या की चालायला जागा उरत नाही. ही पोरे तालीम कुठे करत असतील आणि अमेरिकेच्या तिकिटांचे पैसे कोणाकडून उसने घेत असतील, हा विचार आमच्या मनात आला. दुकानदाराचे मन, दुसरे काय!

नाच म्हटला की आमच्या जुन्नर तालुक्यात पैशाची गोष्ट लांब राहतच नाही. ओतूरहून नारायणगावला जायला फार वेळ लागत नाही, आणि नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा-कमिटीवाले येतात, सुपारी ठरते, इसार दिला जातो. आणि फडातल्या कलावंतांनी हंगामाआधीच मालकाकडून उचल घेतलेली असते. ऊसतोडीच्या टोळ्यांत चालते तशीच. पैसे आधी, घाम नंतर. पावसाळ्याचे चार महिने त्या पैशावर जातात आणि मग हंगामभर उचल फेडायला नाचायचे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. राष्ट्रपतींचे पदक मिळालेली ही बाई २००२ साली वारली तेव्हा शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले होते. आता राज्य शासन त्यांच्या नावाने पुरस्कार देते. आणि आपल्यापैकी कोणाला वाटत असेल की या मातीतल्या नाचगाण्याशी आपला संबंध नाही, तर त्याने पेशवाईतला शाहीर सगनभाऊ आठवावा. जेजुरीचा, जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान आणि मराठी लावणीच्या मोठ्या नावांतला एक.

लहानपणी श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेला आम्ही हटकून जायचो. लोक तांदळाच्या पिंडी पाहायला जायचे, आम्ही कुस्त्या पाहायला. यात्रेत रात्री तमाशा असला तर दादी आमची चप्पल उशाखाली ठेवून झोपत. आम्ही अनवाणी जायचो. हे लेकीला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. ती हसली, आणि मग तिने आपले काढले. नववीत शाळेच्या स्नेहसंमेलनात ती शेवटच्या रांगेत नाचली होती. अम्मीला माहीत होते, दादीला नव्हते. दादींनी तसबीह पुन्हा हातात घेतली आणि काही बोलल्या नाहीत.

अशा मोकळ्या झालेल्या दुपारी लेकीने खरी गोष्ट पुढे केली. तिला क्रेडिट कार्ड घ्यायचे होते.

तिच्या कॉलेजच्या फाटकाजवळ एक टेबल मांडलेले असते. टाय लावलेली दोन पोरे, टेबलावर पाण्याच्या बाटल्यांची रास. अर्ज भरला की बाटली फुकट. तिच्या खोलीतल्या दोघींनी बाटल्या आणल्या होत्या. तिने बाटली आणली नव्हती, माहितीपत्रक आणले होते. परीक्षेची ऑनलाइन फी, एका अभ्यासक्रमाचे पैसे, कधी रात्री-बेरात्री दवाखाना. "प्रत्येक वेळी अब्बांना फोन करून पैसे टाकायला सांगायचे, आणि अब्बा दुकान सोडून बँकेच्या अ‍ॅपशी झटापट करणार. आणि पुढे शिक्षणासाठी कर्ज लागले तर सिबिल स्कोअर लागेल, तो आत्तापासून तयार झालेला बरा." मुद्देसूद बोलते. आईवर गेली आहे.

दादींनी एकच शब्द विचारला, "सूद?"

आमच्या हातात ते माहितीपत्रक होते आणि ते थरथरत होते असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण आम्ही ते खाली ठेवले. कारण या घरात एक क्रेडिट कार्ड येऊन गेले होते आणि ते दोनच माणसांना ठाऊक होते.

२००७ साल. आम्ही तेव्हा पिंपरीकडे एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होतो. कारखान्याच्या दारात असेच टेबल, अशीच टाय लावलेली पोरे. तेव्हा बाटली नव्हती, बॅग होती. पगाराची चिठ्ठी दाखवली, सही केली, पंधरा दिवसांत कार्ड घरी. त्याच वर्षी धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. मुलाकडच्यांनी काही मागितले नव्हते, हे त्यांच्याविषयी सांगायला हवे. पण आम्हीच थोरले भाऊ म्हणून छाती काढून फ्रीज आणि शिलाई मशीन घेतले. अठरा हजार रुपये. कार्ड घासले, सही केली, टेम्पो आला. पैसे दिल्यासारखे वाटलेच नाही.

महिन्याने बिल आले. त्यावर दोन आकडे होते. एक अठरा हजार, आणि दुसरा ठळक छापलेला, 'किमान देय रक्कम' नऊशे. आम्हाला वाटले, बँक समजूतदार आहे, नऊशे-नऊशे करून फेडायला सांगते. आम्ही दर महिन्याला ठळक आकडा भरत गेलो. व्याज महिन्याला तीन टक्के होते. अठरा हजारांवर तीन टक्के म्हणजे पाचशे चाळीस. म्हणजे नऊशेतले पाचशे चाळीस व्याजात गेले आणि मुद्दल कमी झाले फक्त तीनशे साठ. पुढच्या महिन्यात त्याहूनही थोडे कमी. वर्षभरात आम्ही साडेनऊ हजारांच्या वर भरले आणि मुद्दल चार हजारांनीही उतरले नाही. यात कर धरलेला नाही, एक हप्ता चुकला त्याचा दंडही धरलेला नाही. गणित आम्हाला येत होते. आम्ही ते मांडले नाही, कारण मांडले असते तर उत्तर दिसले असते.

फोन यायला लागले. कारखान्यात, मग घरमालकाकडे. शेवटी आमच्या घरातून तिने, म्हणजे लेकीच्या अम्मीने, एका संध्याकाळी कानातल्या बाळ्या आणि बोटातली अंगठी काढून रुमालात बांधून आमच्यापुढे ठेवली. दोन्ही मिळून तोळाभर. मेहरमध्ये आलेले सोने. मेहर हा बाईचा हक्क, त्याला नवऱ्याने हात लावू नये, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही हात लावला. २००८ मध्ये तोळ्याला बारा हजारांच्या आसपास भाव होता. वरचे दोन हजार पगारातून घातले आणि कार्ड कात्रीने कापले. ओतूरला आलो की ती डोक्यावरचा पदर कानांवरून घट्ट ओढून घ्यायची. पुढे खोट्या बाळ्या आल्या. त्या आजही आहेत. खऱ्या अजून आलेल्या नाहीत, आणि २०२५ साली सोने तोळ्याला लाखाच्या वर गेले.

हे सगळे आम्ही त्या रविवारी लेकीसमोर आणि दादींसमोर सांगितले. लेकीची अम्मी उठून चहा ठेवायला गेली. दादी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मेरेकू मालूम था. कान देखे थे मैं उसके." सतरा वर्षे त्यांनी ते पोटात ठेवले होते. आम्हाला वाटत होते की आम्ही लपवतो आहोत.

लेक माहितीपत्रक घडी करून ठेवायला लागली. तेव्हा दादीच म्हणाल्या, "ठैर. पूरा समझा मेरेकू. वो टेबलवाला नको. दुसरा कुछ होयेंगा."

मग आम्ही चौघे बसलो. आम्हाला स्वतःला पुष्कळ गोष्टी नव्याने कळल्या. ज्याला कमाई नाही अशा विद्यार्थ्याला बँक सहसा तीन वाटांनी कार्ड देते. एक, आईबापाच्या कार्डावरचे पुरवणी कार्ड. त्यात देणे लागतो बाप आणि नोंदही बापाच्या नावावर, म्हणजे तिच्या सिबिलचा हेतू साधत नाही. शिवाय त्यासाठी आम्हाला पुन्हा कार्ड घ्यावे लागले असते, आणि ते होणे नव्हते. दुसरी वाट टेबलवाल्यांची. पहिले वर्ष फुकट, पुढे वार्षिक फी, त्यावर अठरा टक्के जीएसटी, आणि चित्रपटाच्या तिकिटावर सवलत. तिसरी, मुदत ठेवीवरचे कार्ड. वीस हजार ठेवले तर साधारण पाऊणपट ते जवळजवळ तेवढीच मर्यादा मिळते, वार्षिक फी नसलेली कार्डे त्यात सापडतात, आणि वय अठरा पूर्ण असले की पुरते.

कार्डासारखी दिसणारी आणखी एक जात पोरांच्या मोबाइलमध्ये शिरली होती, उधारीवर पाकीट भरून देणारी. २०२२ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने उधारीच्या पैशाने अशी पाकिटे भरणे बंद केले. त्याच वर्षीच्या जुलैपासून कार्डांचे नियमही कडक झाले. न मागता कार्ड पाठवायचे नाही, आणि बंद करायला सांगितले, बाकी काही उरले नसेल, तर सात कामाच्या दिवसांत बंद करायचे, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यायचे. २००८ साली हे असते तर! अमेरिकेने तर २००९ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना स्वतःची कमाई किंवा जामीन असल्याशिवाय कार्ड देणे थांबवले, आणि कॉलेजच्या आवारात वस्तूंचे आमिष दाखवायलाही बंदी केली. बाटलीचा इलाज त्यांना सापडला आहे. व्याजाचे मात्र आपल्याकडे उलटे झाले. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटले होते की कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांवर व्याज घेणे अनुचित आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. म्हणजे महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाला बेचाळीस, हे आज चालते.

आता सूद. कार्डावर व्याज लागते ते बिल पूर्ण न भरल्यावर. तारखेच्या आत शेवटच्या रुपयापर्यंत भरले तर एक पैसा लागत नाही. पण एक रुपया जरी मागे ठेवला तरी ती सवलत जाते आणि नव्या खरेदीवरही त्या-त्या दिवसापासून व्याज सुरू होते. एटीएममधून रोकड काढली तर पहिल्या दिवसापासूनच. हे लेकीने वहीत मोठ्या अक्षरात लिहिले. दादींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मतलब टाइम पे दिया तो भिशी, नई दिया तो साहूकार."

दादींची भिशी गल्लीत गेली वीस वर्षे चालू आहे. बारा बायका, महिना हजार रुपये, चिठ्ठीत नाव निघेल तिला बारा हजार. शेजारच्या दोन घरांतल्या मराठा बायकाही त्यात आहेत. ना फॉर्म, ना सूद. कोणाच्या घरी बाळंतपण असले की चिठ्ठी न काढताच पैसे तिला. बिनव्याजी बँकेसाठी दिल्ली-मुंबईत समित्या बसल्या. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये शिफारस केली, रिझर्व्ह बँकेच्याच एका समितीने २०१५ मध्ये बिनव्याजी खिडकी सुचवली, आणि २०१७ साली रिझर्व्ह बँकेने तो विचार सोडून दिला. मलेशियात शरियतनुसार चालणारी कार्डेदेखील आहेत. ओतूरमध्ये दादींची पत्र्याची पेटी आहे.

पण पेच सुटला नव्हता, आणि तो दादींनीच दाखवला. "कार्ड का सूद नई देना, ठीक. पर वो बीस हज़ार रखेंगे, उसका सूद बँक देंगी. वो?" आम्ही गप्प. टेबलवाल्या कार्डात व्याज द्यायची भीती, ठेवीच्या कार्डात व्याज घ्यायचा प्रश्न. लेकीची अम्मी चहा घेऊन आली होती, तिने तोडगा सांगितला. तिच्या माहेरी तसेच करतात. बँकेने दिलेले व्याज वेगळे लिहून ठेवायचे आणि सवाबची नियत न करता गरजूला देऊन टाकायचे. काही आलिम हे मान्य करतात, काहींना ठेवच मान्य नाही. आम्ही मुफ्ती नाही. दादी म्हणाल्या, "लिख के रखना. मैं देखूँगी."

वीस हजार आले कुठून, हेही सांगतो. बारा हजार भिशीचे. त्या महिन्याची चिठ्ठी दुसऱ्या बाईच्या नावाची निघाली होती. दादींनी तिच्याशी पाळी बदलून घेतली आणि कारण सांगितले, पोतीला कार्ड हवे आहे. ती बाई म्हणाली, कसले कार्ड, रेशनचे का? उरलेले आठ आम्ही घातले.

कार्ड जूनमध्ये टपालाने ओतूरच्या पत्त्यावर आले. मर्यादा अठरा हजार. तो आकडा पाहून लेकीच्या अम्मीने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही बाहेर जाऊन दुकानाचे शटर वर केले. पहिल्या महिन्यात लेकीने त्यावर सहाशे चाळीस रुपयांची परीक्षा-फी भरली आणि तारखेच्या नऊ दिवस आधी बिल चुकते केले. बिलाचा कागद दादींनी मागून घेतला. किमान देय रकमेचा ठळक आकडा कुठे छापतात ते आमच्याकडून बोट ठेवून दाखवून घेतले आणि कागद भिशीच्या वहीत ठेवला.

ठेवीच्या व्याजाची वही वेगळी आहे. तिच्यात अजून एकच ओळ आहे.

बकरी ईदला लेक आली तेव्हा दुसरा भाग बघायचा ठरले होते, पण वीज गेली ती रात्रीपर्यंत आलीच नाही. दादी तीनदा विचारून गेल्या. नालासोपाऱ्याच्या पोरांचे तिकिटाचे पैसे कोणी भरले, हे त्यांना बघायचे आहे.